मासे सोडण्याआधी खाण्याचा सोडा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत शोभिवंत मासे पाळणाऱ्या आणि पाळायचा विचार करणाऱ्या गटांसमोर केलेलं हे बोलणं. सभेला येऊ न शकलेल्या तायांसाठी जसं बोललं गेलं तसंच छापत आहोत.)



आज माशांबद्दल कमी आणि पाण्याबद्दल जास्त बोलायचं आहे. मासे कुठचे घ्यावे, गिऱ्हाईक कुठे मिळेल, योजना कोणती, हे मागच्या बैठकांत होऊन गेलं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण अनुदान आलं, काचेच्या टाक्या आल्या, हवेचा पंप आला, आणि चौथ्या दिवशी मासे आडवे झाले, असं का होतं? तेवढ्याचाच आज विचार करू.

असं झालं की आपण म्हणतो, व्यापाऱ्याने आजारी मासे दिले. नाहीतर म्हणतो, कुणाची नजर लागली. व्यापाऱ्याचीही चूक असेल कधी. पण टाकी नवी, पाणी नवं, आणि मासे पहिल्या पंधरवड्यात गेले, तर आधी पाण्याकडे बघा. नवी टाकी म्हणजे नुसतं भांडं. त्यात मासे जगायला जे लागतं ते अजून तयार झालेलं नसतं.

मासा खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून, त्याच्या श्वासातूनसुद्धा, अमोनिया बाहेर पडतो. गोठ्यात गोमूत्र साचलं की डोळ्यांना झोंबतो, तोच हा वायू. नदीत, तळ्यात तो साचत नाही, कारण तिथे दोन जातीचे जिवाणू कामाला असतात. पहिली जात अमोनिया खाऊन नायट्राइट बनवते. तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइट खाऊन नायट्रेट बनवते. ते बरंच निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की काबूत राहतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजला, वाळूला, काचेला धरून राहतात, आणि त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दही लावल्यासारखं आहे. विरजण घातलं म्हणून लगेच दही होत नाही, आणि मध्येच ढवळलं तर बिघडतं.

या चार-सहा आठवड्यांत मासे टाकीत असतील तर ते विषातच दिवस काढतात. म्हणून मासे न सोडता टाकी पिकवायची. माशाऐवजी अमोनिया आपणच मोजून घालायचा, म्हणजे जिवाणूंना खाणं मिळतं आणि कुणाचा जीव जात नाही.

अमोनिया आणायचा कुठून? भांड्यांना कल्हई करणारा जो नवसागर वापरतो, तो अमोनियम क्लोराइड. पण कल्हईवाल्याकडचा घेऊ नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला माल देणाऱ्या दुकानात शुद्ध अमोनियम क्लोराइड मिळतं, तेच घ्या. त्याचे ३२ ग्रॅम सोनाराच्या नाहीतर किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर तोलून एक लिटर पाण्यात विरघळवा, बाटलीवर ठळक अक्षरात नाव लिहा, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. या पाण्याचे २० मिली १०० लिटर टाकीला घातले की अमोनिया २ पीपीएम होतो. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर मापाच्या खुणा असतात, त्याने मोजा. मात्र ते टोपण मग पुन्हा औषधाला वापरायचं नाही. आणखी एक, नवसागर आणि चुना, नवसागर आणि धुण्याचा सोडा, नवसागर आणि ब्लीचिंग पावडर हे कोरडे एकत्र करू नका. घुसमटवणारा वायू निघतो.

टाकी किती लिटरची हे कसं काढायचं? लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेतली तर ९० गुणिले ३० गुणिले ४५, भागिले हजार, म्हणजे साधारण १२१ लिटर. वरची चार बोटं मोकळी आणि खाली वाळू धरली की शंभर लिटर पाणी. आजचा सगळा हिशेब शंभर लिटरचाच सांगते, तुम्ही आपापल्या टाकीप्रमाणे करा.

आता मुख्य मुद्दा. इतकं सगळं करूनही कित्येकींची टाकी मध्येच अडते. पहिला आठवडा काहीच होत नाही, ते बरोबर आहे, घाबरायचं नाही. मग अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढतं, सगळं पुस्तकाप्रमाणे चाललेलं असतं. आणि तिसऱ्या आठवड्यात एकदम थांबतं. आज अमोनिया २, उद्या २, परवा २. ताई म्हणते जिवाणू मेले. कुणी सांगतं पाणी टाकून दे, कुणी सांगतं बाजारात जिवाणूंची बाटली मिळते ती आण. त्या बाटलीला तीन-चारशे रुपये जातात आणि तीही तशीच अडते.

अशा वेळी सामू बघा. सामू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, माती परीक्षणाच्या कागदावर असतो. ७ म्हणजे मध्ये, खाली गेला की आम्ल, वर गेला की विम्ल. आपले हे जिवाणू ७ ते ८ च्या आसपास खुशीत काम करतात. सामू साडेसहाच्या खाली गेला की मंदावतात, ६ च्या जवळ गेला की हात बांधून बसतात. मेलेले नसतात, बसलेले असतात.

मग पाणी आंबट झालं कशाने? त्याच जिवाणूंनी केलं. अमोनियाचं नायट्राइट करताना आम्ल तयार होतं. माशांशिवाय टाकी पिकवताना आपण रोज भरपूर अमोनिया घालतो, म्हणजे आम्लही भरपूर. ते आम्ल गिळून टाकणारा क्षार पाण्यात मुळात थोडा असतो. त्या क्षाराला आपण पाण्याची गंगाजळी म्हणू. गटाच्या गंगाजळीसारखीच. रोज थोडं थोडं काढलं तरी वरून काही कळत नाही, व्यवहार सुरळीत दिसतो. ज्या दिवशी गंगाजळी संपते त्या दिवशी सगळं एकदम अडतं. सामू असाच पडतो. पंधरा दिवस सव्वासात दाखवतो आणि दोन दिवसांत सहावर येतो.

याचं गणित पक्कं आहे. अमोनियाचा २ पीपीएमचा एक डोस जिवाणूंनी पूर्ण पचवला की लिटरमागे सुमारे १२ मिलिग्रॅम क्षार खर्च होतो. आता आपल्या कोकणातलं जांभ्याच्या खडकातलं विहिरीचं पाणी घ्या. ते मऊ असतं, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस भरपूर येतो, पण त्याच कारणाने त्यात गंगाजळी फार थोडी. लिटरला तीस-पस्तीस मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात तीन डोसांतच खडखडाट. पागोळीचं पावसाचं पाणी साठवून वापरत असाल तर त्यात जवळजवळ शून्यच. उलट घाटावर, काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जड असतं, भांड्याला पांढरा थर धरतो. तिथल्या टाक्यांना ही अडचण उशिरा येते किंवा येतच नाही. म्हणून घाटावरच्या पाहुणीने सांगितलेला अनुभव आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. तिचं खोटं नसतं, तिचं पाणी वेगळं असतं.

गंगाजळी मोजायचं किट मिळतं, त्यावर केएच लिहिलेलं असतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब थेंब औषध टाकायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत मोजायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश. एक अंश म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. मला विचाराल तर सामूच्या किटपेक्षा हे किट जास्त कामाचं. कारण सामूचं स्वस्त किट ६ च्या खाली दाखवतच नाही. पाणी साडेपाच झालं तरी रंग तोच पिवळा. आणि सामू पडला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो, केएच आधीच सांगतं की आता पडणार आहे. हळदीचं पाणी, जास्वंदीच्या पाकळ्या हे शाळेतल्या पोरींना दाखवायला छान आहे, पण हळद फक्त विम्ल पाण्यात लाल होते, आंबट पाण्यात पिवळीची पिवळीच राहते. टाकीच्या कामाला ती उपयोगी नाही.

सामू मोजताना एक काळजी घ्या. विहिरीतून किंवा बोअरमधून आत्ता काढलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे सामू खोटाच कमी दिसतो. बादलीत काढून एक दिवस पंपाची हवा सोडा, मग मोजा. दिवसा उजेडात, रोज साधारण एकाच वेळी मोजा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात. नळाचं पाणी असेल तर ग्रामपंचायत त्यात टीसीएल पावडर घालते, ती जिवाणूंना मारते. तेही पाणी एक दिवस हवा देऊन ठेवल्याशिवाय टाकीत ओतू नका.

आता उपाय. तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे. खाण्याचा सोडा. शंभर लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, घातला की लिटरमागे ३० मिलिग्रॅम क्षार वाढतो. किटवर पावणेदोन अंश. म्हणजे एक चमचा अडीच डोसांची भरपाई करतो. तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून, फिल्टरजवळ हळूहळू ओता.

सुरुवातीलाच केएच ४ ते ६ अंशांवर आणून ठेवा. मग आठवड्यातून दोनदा मोजा. ३ च्या खाली उतरला की एक चमचा. इतकंच. खाण्याच्या सोड्याचा एक चांगला गुण असा की चमचा थोडा जास्त पडला तरी सामू सव्वाआठच्या फार वर नेत नाही. म्हणून मी सांगते खाण्याचाच सोडा. धुण्याचा सोडा नको, पापडखार नको, पानाला लावायचा चुना नको. त्यांनी सामू एकदम नऊ-दहावर उडी मारतो. बेकिंग पावडरही नको, तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. किराणा दुकानात पुडी मागताना नीट सांगा, कारण "सोडा द्या" म्हटलं की दुकानदार कुठलाही देतो.

कोकणातल्या तायांसाठी आणखी एक फुकटचा उपाय. तिसऱ्या, खुबे, कालवं खाऊन झाली की शिंपले टाकून देऊ नका. मांस अजिबात राहणार नाही असे घासा, उकळा, चार दिवस कडक उन्हात वाळवा, जाडसर कुटा, आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरजवळ ठेवा. पाणी आंबट होऊ लागलं की ते आपोआप थोडे थोडे विरघळतात, पाणी बरोबर असलं की गप्प राहतात. सोड्याइतका हा उपाय जलद नाही, पण मासे आल्यावर पुढच्या वर्षभरासाठी उत्तम. शिंपले म्हणजे शिंपलेच हं. समुद्रातून पोवळ्याचे दगड आणू नका, ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

टाकी पिकत असताना देशी बदामाची पानं, लाकडाचे ओंडके पाण्यात घालू नका. फायटर माशाला बदामाचं पान चालतं हे खरं, पण ते पाणी आंबट करतं, आणि सध्या आपल्याला ते नको आहे. सिमेंटच्या नव्या हौदाची गोष्ट मात्र उलटी. त्याच्या भिंतीतून चुना सुटतो आणि सामू फार वर जातो. तो हौद आधी पाण्याने भरून, त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून, पुन्हा पुन्हा रिकामा करून शांत करावा लागतो. सामू साडेआठच्या खाली टिकू लागला की मगच जिवाणूंचं काम सुरू करा. तोवर सोड्याची गरजच नाही.

आता समजा टाकी अडली आहेच, सामू ६ आहे. अमोनिया घालणं थांबवा. अर्धं पाणी काढा, एक दिवस मुरवलेलं ताजं पाणी भरा. एक चमचा सोडा, दुसऱ्या दिवशी केएच बघून गरज असेल तर आणखी एक. स्पंज धुवायचा नाही, पंप बंद करायचा नाही. वीज गेली आणि तासन्‌तास आली नाही तर स्पंज हवेशिवाय गुदमरतो, म्हणून बॅटरीचा छोटा पंप असेल तर त्या वेळी लावा. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत अमोनिया पुन्हा उतरायला लागतो.

हे सगळं मासे नसतानाच का करायचं, ते नीट ऐका, कारण खरा धोका इथे आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक विषारी, एक बराचसा सौम्य. कुठलं किती, ते सामूवर ठरतं. आपल्याकडच्या उबदार पाण्यात सामू ७ असेल तर शंभरातला एक भागसुद्धा विषारी नसतो. ८ झाला की सहा-सात भाग. ९ झाला की चाळीसच्या आसपास. म्हणजे आंबट पाण्यात अमोनिया साचलेला असला तरी मासे बरे दिसतात. ताईला वाटतं, टाकी बसली. मग ती एक दिवस मायेने भरपूर ताजं पाणी घालते, किंवा कुणाचं ऐकून सोडा घालते. सामू साडेसातच्या वर चढतो, सौम्य अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळे मासे वर येऊन तोंड वासतात. पाणी चांगलं करायला गेली आणि मासे मेले. मासे नसलेल्या टाकीत हीच कृती अगदी सुरक्षित आहे. तेव्हा मासे असलेल्या टाकीत आधी अमोनिया मोजायचा, तो शून्य असेल तरच सामूला हात लावायचा, आणि तोही पाव-पाव चमच्याने. अमोनिया असेल तर खाणं बंद करा, आणि रोज थोडं थोडं, दहा टक्के पाणी बदला.

टाकी पिकली हे कसं ओळखायचं? संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घाला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. सलग दोन-तीन दिवस असं आलं की झालं. एकच शून्य चालत नाही, दोन्ही शून्य पाहिजेत. मग पाऊण टाकी पाणी बदला, कारण नायट्रेट फार चढलेलं असतं आणि सोडाही बराच गेलेला असतो. नवं पाणी भरल्यावर सामू, केएच पुन्हा बघा, आणि एक-दोन दिवसांत मासे आणा. रिकामी ठेवलीत तर जिवाणू उपाशी राहतील.

शेजारणीची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरजवळ ठेवा. हे विरजण. महिन्याचं काम पंधरा दिवसांवर येऊ शकतं. पण तिच्याकडे गेल्या दोन महिन्यांत मासे आजारी पडले असतील तर नको. विरजणाबरोबर रोगही येतो.

मासे कुठचे, याबद्दल एकच वाक्य. पाण्याला माशाजोगं करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडणं स्वस्त पडतं. मऊ पाण्याच्या गावात एंजल, टेट्रा. जड पाण्याच्या गावात गप्पी, मोली, प्लॅटी. शंका असेल तर मुळद्याला, कुडाळ तालुक्यात, कोकण कृषी विद्यापीठाचं शोभिवंत माशांचं केंद्र आहे, तिथे विचारा.

आता पैशाचं. टाकी आली की दुसऱ्या दिवशी मासे का सोडतो आपण? घाई म्हणून नव्हे. हप्ता सुरू झालेला असतो म्हणून. कर्जाची तारीख टाकीची वाट बघत नाही. ताईच्या डोक्यात हिशेब चालू असतो की मासे लवकर आले तर लवकर विकले जातील. त्या सहा आठवड्यांची जागा आपण कर्जाच्या कागदावर ठेवलीच नाही, तर ती ताई कितीही शिकलेली असो, घाईच करणार. मग मेलेल्या माशांचे पैसे आणि हप्ता, दोन्ही तिच्याच अंगावर.

म्हणून ग्रामसंघांच्या पदाधिकाऱ्यांपुढे माझा प्रस्ताव आहे. माशांच्या व्यवसायाचं अंतर्गत कर्ज दोन टप्प्यांत द्या. पहिल्या टप्प्यात टाकी, पंप, स्पंज, किट आणि अमोनियम क्लोराइड. दुसऱ्या टप्प्यात माशांचे पैसे, आणि ते टाकीच्या वहीत दोन्ही शून्य दिसल्यावरच. हप्ता दुसऱ्या टप्प्यानंतर सुरू करा. त्यात व्याजाचं थोडं नुकसान होईल, सचिव ताई लगेच हिशेब मांडतील, मांडू देत. मेलेल्या माशांचं थकीत कर्ज त्याहून जड असतं.

वही साधी ठेवा. तारीख, सामू, केएच, अमोनिया, नायट्राइट, काय घातलं, आणि वीज किती वेळ नव्हती. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, पण मोजताना स्वतः उभ्या रहा. सीआरपी ताईने महिन्याच्या भेटीत गटाच्या वहीबरोबर हीही वही बघावी.

किट महाग आहे आणि थेंबांची मुदत संपते, म्हणून प्रत्येकीने वेगळं घेण्यात अर्थ नाही. तीन-चार गटांनी मिळून एक घ्या, मुदत बाटलीवर बघून घ्या. आणि पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने आपल्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी एक लिटरच्या स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून आणा. बाटलीवर गावाचं आणि वाडीचं नाव चिकटवा. सभा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचा केएच मोजून भिंतीवर यादी लावू.